बावन्न आठवड्यांची वही

खेळाडूची योग्यता कशावरून ठरवावी, असे कोणाही विद्यार्थ्याला विचारले तर उत्तर तयार असते : पदके किती मिळाली? महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांतही विजेत्यांचीच नावे छापली जातात; उपांत्य फेरीत हरलेल्यांची गणती कोणी ठेवीत नाही. पदकाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु काही खेळाडूंची कारकीर्द अशी असते की ती नुसत्या पदकांनी मोजू गेल्यास मापच अपुरे पडते. तुर्कस्तानची बॅडमिंटनपटू नेस्लिहान यिईत ही त्यांपैकी एक होय. (तिच्या आडनावात ‘ग’ लिहितात, पण बोलताना तो जवळजवळ विरून जातो. ‘यिईत’ ह्या तुर्की शब्दाचा अर्थ शूर.) मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी कशी मांडतात हे वाचले, तेव्हा ती मला थेट खातेवहीसारखी वाटली. त्या वहीच्या आधारेच ही कारकीर्द समजावून सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. बॅडमिंटनचे एक जुने नाव ‘पूना’ असे होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचे आरंभीचे नियमही तेथेच बांधले गेले. पुढे इंग्लंडातील ‘बॅडमिंटन’ नावाच्या एका सरदारी वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय संघटना १९३४ साली स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी भारत तिचा सभासद झाला. म्हणजे ह्या खेळात आपण जुने आहोत. प्रकाश पदुकोण ह्यांनी १९८० साली आणि पुल्लेला गोपीचंद ह्यांनी २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू पुढे आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे मळलेली वाट होती.

तुर्कस्तानात अशी वाट नव्हती. त्या देशाचे जुने प्रेम कुस्तीवर आणि वजन उचलण्याच्या खेळावर. नईम सुलेमानोग्लू ह्याने १९८८, १९९२ आणि १९९६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्यात सुवर्णपदके मिळविली. २००४ साली अथेन्सला नुरजान तायलान ही ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारी पहिली तुर्की स्त्री ठरली, तीही ह्याच खेळात. बॅडमिंटनचा तुर्की महासंघ मात्र १९९१ साली स्थापन झाला. पुढच्याच वर्षी बार्सिलोना येथे बॅडमिंटनला ऑलिंपिक पदकांच्या यादीत स्थान मिळाले. बार्सिलोना धरून २००८ पर्यंत पाच ऑलिंपिक झाली. त्यांतील एकाही स्पर्धेत तुर्कस्तानचा एकही बॅडमिंटन खेळाडू, स्त्री वा पुरुष, उतरू शकला नाही. २०१२ साली लंडनमध्ये ही कोंडी फुटली आणि ती फोडली १९९४ साली जन्मलेल्या नेस्लिहानने. त्या वेळी तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

आता वहीकडे वळू. बॅडमिंटनच्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळतो तो मुख्यतः जागतिक क्रमवारीवर. ही क्रमवारी म्हणजे मागील बावन्न आठवड्यांचा जमेचा हिशेब. खेळाडू जगभरच्या स्पर्धांत खेळतो आणि ज्या फेरीपर्यंत पोहोचेल त्या फेरीचे गुण त्याच्या खाती जमा होतात. वर्षभरात दहाहून अधिक स्पर्धा खेळल्यास सर्वांत चांगल्या दहाच धरल्या जातात. येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु आपल्या बँकेतील शिल्लक आपण काढीपर्यंत राहते, तशी ही शिल्लक राहत नाही. बावन्न आठवडे उलटले की ती जमा रक्कम आपोआप खात्यातून उडून जाते. गेल्या मार्चमध्ये मिळविलेले गुण ह्या मार्चमध्ये पुन्हा कमवावे लागतात, नाहीतर क्रमांक घसरतो. दुखापत झाली, घरी अडचण आली, तरी वही थांबत नाही. घसारा रोज चालूच.

दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. सर्व स्पर्धांचे मोल सारखे नसते. २०१८ साली लागू झालेल्या तक्त्यानुसार सर्वांत वरच्या ‘सुपर १०००’ स्पर्धेच्या विजेत्याला १२,००० गुण मिळतात. ‘सुपर ५००’च्या विजेत्याला ९,२००, ‘सुपर ३००’च्या विजेत्याला ७,००० आणि त्याहून खालच्या ‘इंटरनॅशनल चॅलेंज’ स्पर्धेच्या विजेत्याला ४,०००. आता हे गणित पाहा. ‘इंटरनॅशनल चॅलेंज’मध्ये ३२ जणींच्या सोडतीत तीन सामने जिंकून उपांत्य फेरीत हरणारीला २,८०० गुण मिळतात. ‘सुपर १०००’ स्पर्धेच्या मुख्य सोडतीत पहिलाच सामना हरणारीला मात्र ३,००० गुण! तीन विजयांपेक्षा एक पराभव महाग. अर्थात त्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळण्यासाठी आधी वरचा क्रमांक हवा आणि वरचा क्रमांक येण्यासाठी मोठ्या स्पर्धांचे गुण हवेत. पैशाकडे पैसा जातो असे आपण म्हणतो, तसाच हा प्रकार. मोठी परंपरा असलेल्या देशांच्या खेळाडूंना ह्या चक्रात शिरणे त्या मानाने सोपे. नवख्या देशातील मुलीला खालच्या पायरीवरून एकेक स्पर्धा करीत, एकेक देश फिरत वर चढावे लागते.

तिसरा नियम सर्वांत कठोर. एका देशाला एकेरीत किती जागा मिळाव्यात, ह्यालाही मर्यादा आहे. लंडनच्या वेळी पहिल्या चार क्रमांकांत असतील तर एका देशाच्या तिघींना आणि पहिल्या सोळांत असतील तर दोघींना प्रवेश होता. रिओपासून तिघींची सवलत गेली आणि कमाल दोघी झाल्या. पहिल्या सोळांबाहेरच्यांसाठी दोन्ही वेळी नियम एकच होता : देशाला एक जागा. मग दुसरीचे गुण तिच्याहून खालच्या देशांतील अनेकींपेक्षा कितीही जास्त असोत.

तुर्कस्तानच्या बाबतीत ह्या नियमाने फार विलक्षण स्थिती निर्माण केली. नेस्लिहानच्याच काळात ओझगे बायराक ही तिच्याहून वयाने थोडी मोठी, तितकीच तयारीची खेळाडू होती. दोघी एकेरीतही खेळत आणि दुहेरीत एकमेकींच्या जोडीदार होत्या. २०१३ साली तुर्कस्तानातील मेर्सिन येथे भूमध्यसागरीय देशांच्या क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे ह्या जोडीने महिला दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. दुहेरीत जोडीदाराची पाठ राखणे हाच धर्म. एकीने पुढे जाळ्याशी झेप घेतली की दुसरीने न सांगता मागची बाजू सांभाळायची. पण एकेरीच्या वहीत ह्याच दोघी एका खुर्चीच्या दोन दावेदार. २०१२ साली ती जागा नेस्लिहानला मिळाली होती. २०१६ साली रिओ द जानेरो येथे ती ओझगेला मिळाली. नेस्लिहान घरी राहिली.

ही गोष्ट परक्या देशाची आहे म्हणून आपल्याला नवलाची वाटू नये. लंडनमध्ये कांस्यपदक जिंकून सायनाने भारतीय बॅडमिंटनला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. रिओला ती आणि सिंधू दोघी गेल्या, कारण दोघी पहिल्या सोळांत होत्या. टोकियोच्या वेळी मात्र सायनाचा क्रमांक सोळांच्या बाहेर गेला होता, आणि करोनाच्या साथीमुळे पात्रतेच्या अखेरच्या स्पर्धा रद्द झाल्याने गुण कमावण्याची संधीही उरली नाही. भारताच्या वाट्याची जागा सिंधूकडे होती. सायनाहून क्रमांकाने खाली असलेल्या अनेक जणी टोकियोला खेळल्या. सायना खेळली नाही. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो नसता तर चार-पाच देशांनीच सगळ्या जागा भरून टाकल्या असत्या आणि तुर्कस्तानसारख्या देशाला आत पाऊल टाकणे कठीण झाले असते. ज्या नियमाने नेस्लिहानला लंडनचे दार उघडून दिले, त्याच नियमाने रिओचे दार तिच्यासाठी बंद केले. एकाच कलमाचा तिला एकदा लाभ झाला, एकदा तोटा.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. बावीस वर्षांच्या खेळाडूच्या हातून ऑलिंपिक निसटले, आणि पुढचे ऑलिंपिक चार वर्षांनी (प्रत्यक्षात करोनामुळे पाच वर्षांनी). मधल्या काळात दर आठवड्याला वही जुने गुण खोडीत राहणार. अशा वेळी पुष्कळ जण खेळ सोडतात, कोणी प्रशिक्षक होतात. नेस्लिहानने वही बंद केली नाही. २०२१ च्या वसंतात युक्रेनची राजधानी कीव येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे महिला एकेरीत ती उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिला कांस्यपदक मिळाले. (ह्या स्पर्धेत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक देतात.) विजेती होती स्पेनची कॅरोलिना मारिन, रिओच्या अंतिम सामन्यात सिंधूला हरविणारी. ज्या युरोपात डेन्मार्कचे वर्चस्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या महासंघाच्या खेळाडूने मिळविलेले हे पदक लहान म्हणता येणार नाही.

त्याच उन्हाळ्यात ती टोकियोला गेली. ऑलिंपिकमध्ये आरंभी तिघी-तिघींचे छोटे गट असतात आणि गटातून एकच खेळाडू पुढे जाते. नेस्लिहानच्या गटात नायजेरियाची डॉर्कस अडेसोकन आणि चीनची चेन यूफेई होत्या. अडेसोकनला तिने हरविले. चेनपुढे ती हरली आणि स्पर्धा संपली. पुढे ह्याच चेनने टोकियोचे सुवर्णपदक जिंकले. सोडतीची चिठ्ठी कोणाच्या हातात नसते. नोंदवहीत फक्त ‘गटात बाद’ एवढीच ओळ राहते.

तरीही वही चालूच राहिली. २०२४ साली पॅरिसला ती तिसऱ्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरली, ह्या वेळी ‘आरिन’ ह्या नव्या आडनावाने. लंडनला अठरा वर्षांची, पॅरिसला तीस वर्षांची. दर बावन्न आठवड्यांनी कोरे होणारे खाते पुन्हा पुन्हा भरीत तिने बारा वर्षांत तीन ऑलिंपिक गाठली आणि मधले एक गमावले.

ऑलिंपिक पदक तिला मिळाले नाही. मग ह्या कारकिर्दीचा ताळेबंद कसा मांडावा? हिशेबशास्त्रात आम्हांला शिकवितात की जी मालमत्ता डोळ्यांना दिसत नाही, तिचीही किंमत असते. दुकानाचा नावलौकिक विकत घेणारा त्याचे वेगळे पैसे मोजतो. नेस्लिहानच्या ताळेबंदात अशी एक न दिसणारी बाब आहे. २०१२ पूर्वी बॅडमिंटनची रॅकेट हातात घेणाऱ्या तुर्की मुलीला ‘आपल्यापैकी कोणी ऑलिंपिकला गेले आहे काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे मिळत असे. २०१२ नंतर ते बदलले. २०१६ साली ओझगे गेली तेव्हा ती पहिली नव्हती, दुसरी होती. पहिलीपेक्षा दुसरीचे काम थोडे सोपे असते, आणि ते सोपे करणारीचे नाव बहुधा पदकांच्या यादीत सापडत नाही.

आपल्याकडेही तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या स्पर्धांत वर्षानुवर्षे खेळणारे, उपांत्यपूर्व फेरीत हरून पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदविणारे विद्यार्थी असतात. ‘पदक आणलेस का?’ हा प्रश्न त्यांना आपण सहज विचारतो. त्याबरोबर ‘यंदाही उतरलास ना?’ हेही विचारावे, असे मला वाटते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोडतीवर, प्रतिस्पर्ध्यावर, नियमाच्या एखाद्या कलमावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळसे खेळाडूच्या हाती असते.