अघोषित युद्धातील कैद्यांची वकील

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सीमा ओलांडून माणसे मिझोराम व मणिपूरमध्ये येऊ लागली. मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरील राज्यांना स्पष्ट कळवले की, कोणालाही निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्य सरकारांना नाही. मणिपूर सरकारने तर या लोकांसाठी अन्न-निवाऱ्याची केंद्रे उघडू नयेत, असे परिपत्रक काढले आणि टीका होताच तीन दिवसांत ते मागे घेतले. याच काळात मोरे येथे लपून राहिलेल्या सात म्यानमारी नागरिकांच्या वतीने मणिपूर उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. त्यांत ‘मिझ्झिमा’ या वृत्तसंस्थेचे पत्रकार होते, लहान मुलेही होती. याचिकेवर मात्र नाव होते एका भारतीय वकिलाचे : नंदिता हक्सर.

३ मे २०२१ रोजी मुख्य न्यायाधीश पी. व्ही. संजय कुमार आणि न्या. लानुसुंगकुम जमीर यांच्या खंडपीठाने या सात जणांना सुरक्षितपणे दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयापुढे दाद मागण्याची मुभा दिली. जिवाला धोका असलेल्या माणसाला त्याच धोक्याच्या तोंडी परत पाठवू नये, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने मान्य केले. जीविताच्या भीतीने पळून आलेला माणूस आणि बेकायदा स्थलांतरित यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल एखाद्या सुटसुटीत यशोगाथेचा शेवट वाटू शकेल. प्रत्यक्षात ज्या चार दशकांच्या कारकिर्दीत तो आला, तिच्यात असे निकाल अपवादानेच सापडतात, आणि त्यामुळेच ही कारकीर्द तपासण्याजोगी आहे.

हक्सर हे आडनाव दिल्लीच्या सत्तावर्तुळाला अपरिचित नव्हते. नंदिता यांचे वडील पी. एन. हक्सर हे इंदिरा गांधींचे प्रधान सचिव. १९७१ च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. त्यांच्या मायदेशी परतीचा मार्ग मोकळा करणाऱ्या २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारावर भारताच्या वतीने सही केली ती पी. एन. हक्सर यांनी. ते युद्ध घोषित होते. कैद्यांच्या याद्या होत्या, जिनिव्हा करार होते आणि त्यांच्याविषयी बोलणी करणारे एक सरकार सीमेपलीकडे होते. मुलीच्या वाट्याला जे कैदी आले, त्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. ज्या संघर्षात ते सापडले, त्याला युद्ध म्हणायला कोणतेही सरकार तयार नव्हते.

ईशान्येतील ‘अशांत प्रदेशां’त सशस्त्र दले (विशेषाधिकार) कायदा, म्हणजे ‘आफ्स्पा’, १९५८ पासून लागू आहे. १९८२ च्या मार्च महिन्यात मणिपूरच्या उखरुल भागातील एका गावातून एक मुख्याध्यापक आणि एक सहायक पाद्री यांना लष्करी छावणीत नेण्यात आले. ते पुन्हा दिसले नाहीत. सेबॅस्टियन हॉन्ग्रे या नागा विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. त्या दोघांना हजर करा, असा आदेश न्यायालयाने दिला. सरकार त्यांना हजर करू शकले नाही. तेव्हा १९८४ मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश झाला. भरपाई मिळाली, माणसे मिळाली नाहीत. हे हॉन्ग्रे पुढे नंदिता हक्सर यांचे पती आणि सहलेखक झाले.

त्यानंतरचे प्रकरण ओइनामचे. ९ जुलै १९८७ रोजी सेनापती जिल्ह्यातील ओइनाम येथे आसाम रायफल्सच्या चौकीवर नागा बंडखोरांनी हल्ला केला. नऊ जवान मारले गेले आणि मोठा शस्त्रसाठा पळवला गेला. तो परत मिळवण्यासाठी सुरू झालेली मोहीम ‘ऑपरेशन ब्लूबर्ड’ म्हणून ओळखली जाते. नऊ जवानांचा मृत्यू ही लहान गोष्ट नव्हती आणि हल्लेखोरांना शोधणे हे शासनाचे कर्तव्यच होते. पण आसपासच्या गावांतील लोकांना छावण्यांत डांबले, मारहाण केली, छळ केला, अशा तक्रारी त्यापाठोपाठ आल्या. नागा पीपल्स मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स या संघटनेच्या वतीने गुवाहाटी उच्च न्यायालयात याचिका झाली. ज्यांनी कधी न्यायालयाची पायरी चढली नव्हती, अशा गावकऱ्यांनी शपथेवर साक्षी दिल्या. निकालाची वाट मात्र वर्षानुवर्षे पाहावी लागली. हक्सर आणि हॉन्ग्रे यांनी २०११ मध्ये या विषयावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘कधीच न आलेला निकाल’ असा आहे.

‘आफ्स्पा’च्या वैधतेला दिलेले आव्हानही १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेटाळले. तरीही त्या निकालाने काही मर्यादा घातल्या. ‘अशांत’ घोषणेचा दर सहा महिन्यांनी आढावा घ्यावा, पकडलेल्या व्यक्तीला कमीत कमी विलंबाने जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करावे आणि लष्कराने स्वतः जवानांसाठी आखलेले ‘काय करावे, काय करू नये’ हे नियम बंधनकारक मानावेत, असे घटनापीठाने सांगितले. हरलेल्या खटल्यातून मिळालेले हे संरक्षण पुढच्या अनेक खटल्यांत आधाराला आले.

दुसऱ्याच्या युद्धातील कैद्यांचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो अंदमानात. फेब्रुवारी १९९८ मध्ये सैन्यदलांनी ‘ऑपरेशन लीच’ ही मोहीम फत्ते झाल्याचे जाहीर केले. लँडफॉल बेटावर सहा शस्त्रतस्कर मारले गेले, अनेक पकडले गेले आणि ईशान्येतील बंडखोरांना होणारा शस्त्रपुरवठा रोखला गेला, असे सांगण्यात आले. पकडलेल्यांपैकी काही साधे मच्छीमार निघाले. उरलेले अराकानी आणि कारेन होते, म्हणजे म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्ध लढणारे. त्यांचे म्हणणे अगदी वेगळे होते. आपण भारताचे शत्रू नव्हतो, उलट भारतीय लष्करी गुप्तचरांच्या बोलावण्यावरून आलो होतो आणि मारले गेलेले सहा जण आमचे नेते होते, असे ते सांगत राहिले. हक्सर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रोग एजंट’ या पुस्तकात हीच बाजू सविस्तर मांडली.

यातले खरे काय, हे खुल्या न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी ठरायला हवे होते. पण दोषारोपपत्र दाखल व्हायलाच सुमारे सहा वर्षे लागली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खटला कोलकात्याला गेला आणि कैदीही तिथल्या तुरुंगात आले. २०१० मध्ये ‘प्ली बार्गेनिंग’च्या मार्गाने त्यांनी काही आरोप कबूल केले आणि आधीच भोगलेला तुरुंगवास शिक्षेपेक्षा कमी भरला नाही. प्रत्यक्ष बाहेर पडून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली दिल्लीला पोहोचायला २०११ उजाडले. लँडफॉलवर नेमके काय घडले, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केला नाही. तेरा वर्षांनी मिळालेले स्वातंत्र्य हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

अशा कैद्यांसाठी कायद्यात काय आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील संरक्षण, म्हणजे अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे ‘शत्रुदेशाच्या नागरिका’ला नाकारता येते. पण म्यानमारशी भारताचे युद्ध नव्हते, म्हणून हे कैदी शत्रुदेशाचे नागरिक ठरत नाहीत. जिनिव्हा करारांसाठी आपण १९६० मध्ये कायदा केला; तथापि त्याच्या आधारे व्यक्तीला न्यायालयात थेट हक्क मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच म्हटले आहे. तो खटला गोव्यातील एका धर्मगुरूंचा होता. गोवा भारतात आल्यावर त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले आणि परवान्याशिवाय राहिल्याबद्दल परकीय नागरिक कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. तेव्हा युद्धकैदी नाही, निर्वासित नाही, मग उरतो तो ‘बेकायदा परकीय’.

या पोकळीचे परिणाम समजण्यासाठी २०२१ चीच दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत. मणिपूरचा निकाल येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांची सुटका करण्यास नकार दिला आणि विहित कार्यपद्धती पाळून त्यांना परत पाठवण्यास आडकाठी केली नाही. अनुच्छेद १४ आणि २१ परकीयांनाही लागू आहेत, हे त्याच आदेशात मान्य केलेले आहे. देश तोच, पळण्याचे कारणही त्याच लष्कराची दहशत. तरी एकाला दिल्लीचा रस्ता मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. कायदा लिहिलेला नसेल, तर माणसाचे भवितव्य तो कोणत्या राज्यात पकडला गेला, कोणत्या खंडपीठापुढे गेला आणि त्याला वकील भेटला की नाही, यावर ठरते.

हक्सर यांच्यावर देशविरोधी शक्तींची पाठराखण केल्याचा आरोप अनेकदा झाला. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात दिल्ली विद्यापीठातील अध्यापक एस. ए. आर. गिलानी यांच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या तेव्हा तो सर्वांत तीव्र होता. विशेष न्यायालयाने २००२ मध्ये गिलानींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या वेळी बचाव करणारे कोणीच नसते, तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी. आरोपीचा बचाव म्हणजे आरोपाचे समर्थन नव्हे, हे तत्त्व शांततेच्या काळात सगळेच मान्य करतात. त्याची कसोटी लागते ती हल्ल्यानंतरच्या आठवड्यांत.

आज मिझोराममध्ये म्यानमारमधून आलेले तीस हजारांहून अधिक लोक आहेत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट’ने घेतली, पण निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. मसुद्यांची उणीव मात्र नाही. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकात एक नमुना कायदा तयार झाला होता. शशी थरूर यांनी २०१५ आणि २०२२ मध्ये खासगी विधेयके मांडली. सीमेवरील सुरक्षेची चिंता खरी आहे आणि आलेल्या प्रत्येकाला आश्रय द्यावा, असे कोणी म्हणत नाही. मागणी त्यापेक्षा बरीच लहान आहे. परत पाठवण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकणारी अधिकृत यंत्रणा हवी, दोषारोपपत्राविना कैदेला मुदत हवी आणि परकीय कैद्यालाही पहिल्या दिवसापासून वकील हवा.

यांतली एक जरी तरतूद १९९८ मध्ये असती, तर लँडफॉल बेटावरच्या त्या कैद्यांचा खटला पोर्ट ब्लेअरमध्येच, साक्षीदार हयात असताना, चालला असता.