त्रिकोण टिकतो कसा?

नगरहून पुण्याला पोहोचायला प्रकाशाला सेकंदाचा अडीच हजारावा भाग पुरतो. ‘लिसा’ या नियोजित अवकाश मोहिमेतल्या एका यानातून निघालेल्या लेझरला दुसऱ्या यानापर्यंत जायला मात्र आठ सेकंदांहून जास्त वेळ लागेल. मधलं अंतर २५ लाख किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या साडेसहा पट. अशी तीन यानं समभुज त्रिकोण करून पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरणार आहेत. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मोहीम मंजूर केली. उड्डाण २०३५ च्या सुमारास. काम गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, टिपण्याचं. हिंगोलीची लायगो-इंडिया वेधशाळा हेच ४ किलोमीटरच्या भुजांनी करेल, पण महाकाय कृष्णविवरांच्या संथ लहरी जमिनीच्या थरथरीत बुडून जातात.

एवढा त्रिकोण धरून ठेवायचा कसा? इंजिनं चालवून नाही. त्या धक्क्यांनी मोजमापच बिघडेल. सूर्याचं गुरुत्वच तो सांभाळतं. ही रचना आधीपासून सुचवलेली होती, पण ती का टिकते याचं नेटकं गणित २००५ मध्ये मांडलं ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी के. राजेश नायक, एस. कोष्टी व फ्रान्सचे जाँ-ईव्ह विने यांनी. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या प्रतलात यानं योग्य वेगाने सोडली, तर त्यांच्यातली अंतरं जवळपास कायम राहतात आणि अख्खी रचना वर्षातून एकदा स्वतःभोवती फिरते. गंमत म्हणजे तीनच यानं हवीत असं नाही, तिथे कितीही चालतील.

त्रिकोण गुरुत्वच सांभाळतं, मग यानांवरच्या संवेदकांचं काम काय? प्रत्येक यानाच्या पोटात सोनं-प्लॅटिनमचे दोन ठोकळे असतील. प्रत्येकाची बाजू ४६ मिलिमीटर, आकाराने लाडवाएवढा, वजन जवळजवळ दोन किलो. मोजमापाच्या दिशेत ठोकळ्याला कशाचाच धक्का लागू द्यायचा नाही, त्याने नुसतं पडत राहायचं. भोवतीच्या डब्यातले इलेक्ट्रोड मधल्या फटीची विद्युत धारकता सतत मोजतात. सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान किंचित सरकलं की फट बदलते, आणि वायूच्या अतिसूक्ष्म फवाऱ्यांनी यान पुन्हा ठोकळ्याभोवती आणलं जातं. म्हणजे ठोकळा यानामागे जात नाही, यानच ठोकळ्यामागे जातं. वैश्विक किरणांनी ठोकळ्यावर विद्युतभार साचतो. तो अतिनील प्रकाशाने काढून टाकायचा. डिसेंबर २०१५ मध्ये सुटलेल्या लिसा पाथफाइंडर या चाचणी-यानाने असे दोन ठोकळे ३८ सेंटिमीटरवर ठेवून हे सगळं करून दाखवलं, तेही अपेक्षेपेक्षा सरस.

तरीही ‘जवळपास कायम’ या शब्दांत मोठी मेख आहे. भुजा वर्षभर थोड्या ताणतात, आखडतात. यानं एकमेकांपासून सेकंदाला काही मीटर वेगाने दूर-जवळ होतात. गुरुत्वलहरीमुळे भुजेच्या लांबीत होणारा, मोजायचा बदल मात्र मीटरच्या लाख-कोटीव्या भागाच्या घरातला. भुजा समान असत्या तर लेझरच्या कंपनसंख्येतली चलबिचल आपोआप कटली असती. असमान भुजांत ती कटत नाही, आणि लहरीचा संकेत तिच्याखाली पार गाडला जातो. उपाय असा, की तिन्ही यानांवरच्या नोंदी ठरावीक विलंब देऊन अशा जुळवायच्या, की चलबिचल वजा व्हावी. अमेरिकी शास्त्रज्ञांनी अशा काही जुळण्या शोधल्या होत्या. धुरंधर, नायक आणि विने यांनी २००२ मध्ये अमूर्त बीजगणित वापरून त्या सगळ्याच मिळवण्याची पद्धत दिली. माझ्या मते या मोहिमेतलं हे सर्वांत देखणं काम आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागली नाही. विलंब किती द्यायचा हे कळण्यासाठी भुजेची त्या क्षणीची लांबी मात्र हवीच. ती लेझरवरच चढवलेल्या सांकेतिक खुणांवरून, मीटरभराच्या आसपासच्या अचूकतेने काढली जाईल.