पर्यावरणस्नेही कार्यपद्धती आणि कार्यसमाधान

प्रास्ताविक

एखाद्या कार्यालयात सौर दिवे बसवले जातात, कागदाचा वापर कमी होतो. तरीही तेथील कर्मचारी आपल्या कामाबाबत समाधानी असतातच असे नाही. असे का होते, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

विषय-विवेचन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेली द्विघटक उपपत्ती येथे उपयोगी पडते. वेतन, देखरेख, कामाच्या जागेची स्थिती हे ‘स्वास्थ्य घटक’ होत. ते अपुरे असल्यास असमाधान वाढते. मात्र ते पुरेसे असले म्हणजे समाधान लाभतेच असे नाही. समाधान ‘प्रेरक घटकां’तून, म्हणजे जबाबदारी, कार्यसिद्धी, मान्यता आणि खुद्द कामाचे स्वरूप यांतून निर्माण होते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण घ्या. पूर्वी या भागातील बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला जाई आणि स्थानिक लोक मजुरीवर तो तोडत. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोडणारे हात तेच राहिले. तोड आणि विक्री यांविषयीचा निर्णय मात्र त्यांच्याकडे आला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता संकलन थांबवले. चांगल्या पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात. शिवाय माणसे व पशुपक्षी ज्यावर जगतात ते फळही हातचे जाते. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय वरून आलेला नव्हता, हे आपण ध्यानात घ्यावे. तोच नियम आदेश म्हणून आला असता, तर त्याकडे रोजगारावरील गदा म्हणून पाहिले गेले असते.

अर्थात, जबाबदारी मिळाली म्हणून मजुरीचा प्रश्न मिटत नाही. बांबूचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर असमाधान राहणारच.

समारोप

पर्यावरणस्नेही उपाय केवळ सुविधा म्हणून आला, तर तो स्वास्थ्य घटक ठरतो. काम करणाऱ्यांनी तो स्वतः ठरवला, तर तो प्रेरक घटक होऊ शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. स्वास्थ्य घटक व प्रेरक घटक यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या कामाच्या ठिकाणचा एक पर्यावरणस्नेही उपाय निवडा. तो कोणी ठरवला आणि त्याचा आपल्या कार्यसमाधानावर कोणता परिणाम झाला, ते लिहा.