जकात खात्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ

मृगाचे पहिले पाऊस झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर दिपकाडी फुलते. कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात एवढासा कांदा, गवतासारखी अरुंद पानं आणि वर पांढऱ्या नळीदार फुलांचा तुरा. फुलं गेल्यावर भोवतीच्या गवतातून ती निवडून दाखवणं जाणकारालाही जड जातं.

तिचं शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकणेन्स. पुस्तकात या नावापुढे कंसात ‘डॅल्झेल’ आणि कंसाबाहेर ‘बेकर’ छापलेलं असतं. डॅल्झेलने १८५० साली तिचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, तेव्हा तिला युरोपेटॅलम या प्रजातीत बसवलं होतं. पुढे बेकरने तिला डिपकाडीत आणलं. प्रजाती बदलली, पण पहिलं वर्णन करणाऱ्याचा मान कायम राहिला. त्यासाठीच तो कंस.

निकोल अलेक्झांडर डॅल्झेल १८१७ साली एडिनबर्गमध्ये जन्मला. शिकला धर्मशास्त्र. १८४१ मध्ये मुंबईला आला आणि जकात खात्यात असिस्टंट कमिशनर झाला. वनस्पतिशास्त्र पोटापाण्याचं नव्हतंच. त्या काळी मुंबई इलाख्यात हे नवल नव्हतं म्हणा. १८३९ची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करणारा ग्रॅहम टपाल खात्यातला होता, आणि पुढे इलाख्याची थोरली फ्लोरा लिहिणारा थिओडोर कुक इथे आला तो रेल्वेचा इंजिनिअर म्हणून.

पण झाडं गोळा करणं वेगळं आणि ‘ही नवी’ असं छातीठोकपणे म्हणणं वेगळं. त्यासाठी फूल उकलून पुंकेसर मोजायचे, बीजकोश आडवा कापून कप्पे बघायचे, तोवर प्रसिद्ध झालेल्या वर्णनांशी ताडून पाहायचं आणि वेगळेपण लॅटिनमध्ये मांडायचं. डॅल्झेलने हे सातत्याने केलं. त्याची वर्णनं वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या इंग्लंडमधल्या नियतकालिकात छापून येत. शिवनेरीच्या परिसरातली शिंदळ माकुडी, पठारांवरची पंद, यांची पहिली शास्त्रीय वर्णनंही त्याचीच. १८६१ मध्ये अलेक्झांडर गिब्सन या सर्जनबरोबर त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ काढली. गिब्सन इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. ते पद नंतर डॅल्झेलकडे आलं. जंगलांच्या परिणामांवर त्याने १८६३ मध्ये पुस्तिकाही लिहिली.

त्याच्या चिकाटीला दाद द्यावीच लागते. तरी एक गोष्ट खटकते. कुठल्या सड्यावर काय फुलतं हे त्याला कोणी दाखवलं? गुराख्यांनी, वैदूंनी, बरोबरच्या शिपायांनी दाखवलं असणारच. शास्त्रीय नावात मात्र त्यांना जागा नाही. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, १६७८ पासून बाहेर पडू लागलेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’मध्ये डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने इट्टी अच्युतन या वैद्याचं आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी पंडितांचं प्रमाणपत्र नावानिशी छापलं. पंडितांचा मजकूर तर नागरी लिपीतच आहे.

सड्यांवरचा शोध अजून संपलेला नाही. अलीकडेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना सिंधुदुर्गात गेंद या वनस्पतीची एक नवी जाती सापडली. तिचा फुलोरा इतका बारीक की नावच ‘पार्विसेफॅलम’, म्हणजे छोट्या डोक्याचं. इकडे चिरेखाणींसाठी आणि कलमांच्या बागांसाठी सडे फोडले जातात. दिपकाडीचा कांदा असतो तो नेमका वरच्या थरात, आणि यंत्र लागलं की पहिल्यांदा निघतो तोच.