हृदय तर सगळ्यांचेच थांबते

‘हृदयक्रिया बंद पडल्याने निधन.’ निधनवार्तेत हे वाक्य खपून जाते. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ते घोटाळा करते. हृदय बंद पडणे हे मृत्यूचे कारण नव्हे, तो मृत्यूच.

समजा, भात लावताना एका शेतकऱ्याला घोणस चावली. विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि चौथ्या दिवशी सरकारी रुग्णालयात तो दगावला. आता डॉक्टरांनी ‘नमुना क्रमांक ४’ भरायचा. त्यातल्या ओळी उलट्या पायऱ्यांसारख्या आहेत. वरच्या ओळीत शेवटी काय झाले ते : मूत्रपिंडे निकामी, दोन दिवस. त्याखाली, ते कशामुळे झाले : सर्पदंश, चार दिवस. सर्वांत खालची भरलेली ओळ म्हणजे मूळ कारण. मृत्यूच्या आकडेवारीत मोजले जाते ते हेच एक.

प्रत्येक आजाराला, इजेला ठरावीक संकेतांक देण्याची जागतिक पद्धत म्हणजे आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत विषारी सापाशी आलेल्या संपर्काला ‘एक्स २०’ हा अंक आहे. पण रात्रपाळीच्या डॉक्टरांनी घाईत नुसते ‘हृदयक्रिया बंद’ लिहून सही केली, की नोंद जाते ‘आय ४६’ खाली. कागदावरून साप निसटला! उद्या त्या तालुक्याला प्रतिविषाच्या किती कुप्या लागतील, हे ज्या आकड्यांवरून ठरवायचे, त्यांत तो नाहीच.

ही काल्पनिक भीती नाही. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने २००५ साली भारतात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे गेल्याचा अंदाज काढला. रुग्णालयांच्या सरकारी आकड्याच्या तो तीसपटीहून अधिक होता. बहुतेक माणसे रुग्णालयाबाहेर दगावली होती, म्हणून ती मोजणीतच आली नाहीत. २०२० मध्येही देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. म्हणून जे मृत्यू रुग्णालयात होतात, त्यांची तरी नोंद चोख हवी.

आयसीडी या वर्गीकरणाचे मूळ फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ ज्याक बर्तियाँ यांच्या १८९३ मधल्या यादीत आहे. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली अकरावी आवृत्ती संगणकासाठीच घडवलेली. जाडजूड खंड चाळायला नकोत. आजाराचे नाव टंकले की संकेतांक समोर. शून्याशी आणि एकाशी गफलत होऊ नये म्हणून ‘ओ’ आणि ‘आय’ ही रोमन अक्षरे संकेतांकांतून वगळली आहेत. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह ‘ई ११’ होता, तो ‘५ए११’ झाला. डोळ्याच्या पडद्यावरचा परिणाम नोंदवायचा, तर त्याचा संकेतांक शेजारी जोडता येतो. रोजच्या केसपेपरमधली बारीकसारीक निरीक्षणे टिपायला ‘स्नोमेड सीटी’ हा वेगळा शब्दसंग्रह आहे. भारतात त्याचे काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालते.

पण यंत्र लिहिलेल्यालाच अंक देते, न लिहिलेले ओळखत नाही. म्हणून सरकारी रुग्णालयात संगणकाच्या जोडीला संकेतन शिकलेला कर्मचारी हवा, जो ‘हृदयक्रिया बंद’ दिसताच केसपेपर घेऊन डॉक्टरांकडे परत जाईल आणि एवढेच विचारील : ‘ती कशामुळे, साहेब?’