मिश्रमाध्यम शिल्प, नैसर्गिक द्रव्यांतील
लाकूड, दगड, माती, तंतू, पाने, फळांच्या साली इ. निसर्गात आढळणारी द्रव्ये परस्परांशी अथवा धातूसारख्या मानवनिर्मित द्रव्यांशी जोडून रचलेले शिल्प. पारंपरिक शिल्पकलेत द्रव्य मुख्यतः आकाराला आधार देते. या प्रकारात द्रव्याचे वजन, पोत, वाढ व क्षय हेच शिल्पाचा आशय ठरतात. त्यामुळे शिल्प म्हणजे टिकाऊ वस्तू, ही रूढ कल्पना येथे अपुरी पडते.

द्रव्यांची अशी जुळणी मुळात नवी नाही. बंगालमधील दुर्गामूर्ती बांबू, पेंढा व माती यांपासून घडवून उत्सवानंतर विसर्जित करतात. आधुनिक यूरोपीय कलेत पाब्लो पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठा, दोरी व तार यांपासून गिटारचे शिल्प रचले आणि कोरणे व ओतणे यांच्या जोडीला जुळणी हे तंत्रही पुढे प्रस्थापित झाले.

इटलीत १९६७ मध्ये समीक्षक जेर्मानो चेलांत याने ‘आर्ते पोव्हेरा’ (दरिद्री कला) ही संज्ञा रूढ केली. या संप्रदायातील जोव्हान्नी आन्सेल्मो याच्या १९६८ मधील एका शिल्पात ग्रॅनाइटच्या उभ्या ठोकळ्याला लहान ठोकळा तांब्याच्या तारेने बांधलेला असून दोहोंमध्ये ताजा पालेभाजीचा गड्डा दाबून बसविलेला असतो. भाजी सुकताच तार सैल पडते व लहान ठोकळा निसटतो. म्हणून ती वारंवार बदलावी लागते. जर्मन कलावंत योझेफ बॉइस याने १९८२ मध्ये कासेल येथे ७,००० ओक वृक्ष लावण्याचा प्रकल्प आरंभिला. प्रत्येक रोपाशेजारी बेसाल्टचा एक स्तंभ रोवण्यात आला. १९८७ मध्ये, बॉइसच्या मृत्यूनंतर, तो पूर्ण झाला. वृक्ष वाढतो, दगड तेवढाच राहतो. दोहोंतील प्रमाण मात्र सतत बदलत जाते.

भारतात मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म मुंबईचा व कलाशिक्षण बडोद्याचे. हेंप या वनस्पतिजन्य तंतूचे दोर रंगवून, त्यांना हातांनी गाठी मारीत त्यांनी मानवाकृतीहूनही मोठी शिल्पे उभारली. यक्षी (१९८४), वनश्री (१९९४) इ. शिल्पांत वनस्पती, मानवी देह व देवता यांची रूपे एकमेकांत मिसळतात.

आर्द्रता, कीटक व प्रकाश यांमुळे अशा शिल्पांचे जतन अवघड असते. तथापि प्रत्येक कलावंतास ते अभिप्रेत असतेच असे नाही. अमेरिकन कलावती झोई लेनर्ड हिने एड्सने मृत्यू पावलेल्या मित्राच्या स्मृत्यर्थ संत्री, केळी इ. फळांच्या साली दोरा, तार, गुंड्या यांनी पुन्हा शिवल्या (१९९२–९७). साली टिकविण्याचा उपाय सापडूनही तिने तो नाकारला. फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाने ही कलाकृती क्षय पावणार हे जाणूनच स्वीकारली.

याप्रमाणे आन्सेल्मोच्या शिल्पात रचनेचा नियम, मुखर्जींच्या शिल्पात प्रत्यक्ष तंतू व गाठी, तर लेनर्डच्या कलाकृतीत क्षयाची प्रक्रिया जपावी लागते. यांपैकी नेमके काय जपावयाचे, हे ठरविल्यावाचून अशा शिल्पाचे संरक्षण करता येत नाही. आणि चुकीचे जतन हाही कलाकृतीचा नाशच ठरू शकतो.