रूम पार्टनरने कुणाला फोन करायचा?

माण हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडी आयटी पार्कचा मोठा भाग याच गावाच्या शिवारात उभा राहिला. बोडकेवाडी, भोईरवाडीच्या बाजूला कॉट बेसिसवर, पीजीत किंवा तिघा-चौघांत एक फ्लॅट घेऊन राहणारी मुलंमुली लातूर, नांदेड, अमरावती, जळगाव अशा ठिकाणांहून आलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा रात्री दोन वाजता धीर सुटला, तर जवळ आई नसते, भाऊ नसतो. शेजारच्या कॉटवर रूम पार्टनर असतो. आणि तो अडतो ते एकाच प्रश्नापाशी : मी याचा कोण?

मदत मागायला नातं लागत नाही. सुरुवात मात्र फोनच्याही आधी होते. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेकांना वाटते. तसं होत नाही. उलट, इतके दिवस जे एकट्याने ओढलं ते कुणीतरी मोठ्याने विचारलं, याने माणूस थोडा सैल होतो. तो बोलेल ते ऐका. "अरे, एवढ्यात काय खचतोस", "घरच्यांचा विचार कर" ही वाक्यं आपण मायेनेच म्हणतो, पण त्या क्षणी ती ओझ्यासारखी पडतात. खोलीतली औषधं आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू गुपचूप दुसऱ्या खोलीत हलवा. त्याला एकटं सोडू नका.

मग १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. बोललेलं गोपनीय राहतं. आजाराचं नाव माहीत असण्याची गरज नाही. "माझा रूम पार्टनर जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलतोय, मी काय करू?" एवढं म्हटलं तरी पुरे. तो स्वतः बोलायला तयार झाला तर फोन त्याच्या हातात द्या. नाही झाला, तर तुम्ही बोला. फोन लागायला वेळ लागला तर पुन्हा लावा.

काही वेळा मात्र या फोनवर थांबायचं नाही. त्याने स्वतःला इजा केली असेल, काही घेतलं असेल, तो अंगावर धावून येत असेल किंवा क्षणभरही त्याच्यावरची नजर काढता येत नसेल, तर थेट १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२. पत्ता सांगताना नुसतं "फेज ३" म्हणू नका. सोसायटी, विंग, मजला आणि जवळची खूण सांगा. एकाला गेटवर उभं करा, म्हणजे वॉचमनपाशी वेळ जाणार नाही. बाइकवर मागे बसवून अजिबात नेऊ नका.

नेणार कुठे? या बाजूला औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पण संध्याकाळी कंपन्या सुटल्यावर हिंजवडीच्या शिवाजी चौकातून बाहेर पडायला किती वेळ जातो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा वेळी जी कॅज्युअल्टी सगळ्यात जवळ असेल तिथे आधी न्या. मानसोपचारतज्ज्ञ हजर नसला तरी अडत नाही : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जीव धोक्यात असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, जास्तीत जास्त ७२ तास. तेवढ्यात पुढची सोय लावता येते.

केसची भीती खूप जणांना मागे ओढते, म्हणून हे नीट सांगायला हवं. याच कायद्याचं ११५ वं कलम असं मानतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे. अशा प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारं दंडसंहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेलं नाही. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं, ते विचारपूस करायला आले, तर घाबरून जाऊ नका. जे घडलं ते सांगा.

ऑफिसच्या ग्रुपवर यातलं काही टाकू नका. मॅनेजरला "तब्येत बरी नाही" इतकं कळवलं तरी भागतं. बाकीचं सांगायचं की नाही ते तो बरा झाल्यावर ठरवेल. घरी मात्र कुणाला कळवायचं हे त्यालाच विचारा, कारण कधी कधी घरातल्याच एखाद्या माणसाचा धाक वाटत असतो. जीव धोक्यात असेल तर परवानगीसाठी थांबू नका, ज्याच्याशी त्याचं पटतं त्याला कळवा. आई-वडील मिळेल ती ट्रॅव्हल्स धरून रातोरात निघतील, पहाटे वाकडच्या पुलाशी उतरतील. त्यांना घ्यायला कोण जाणार आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी कोण थांबणार, हे रात्रीच ठरवून ठेवा.